बाई बाजूला झाल्या तरी टिकतील असे मधल्या सुट्टीचे खेळ

सिंहगड रस्त्यावरच्या एका मराठी शाळेतल्या वर्गशिक्षिका लिहितात:

"पहिली-दुसरी मिळून ५४ मुलं. मधली सुट्टी अर्ध्या तासाची. अंगण साधारण १८ मीटर लांब, १२ मीटर रुंद, सगळीकडे पेव्हर ब्लॉक. डबे झाले की सगळी एकदम बाहेर सुटतात आणि नुसती पकडापकडी. दोन दिवसाआड कुणाचं तरी डोकं कुणाच्या तरी दातावर आपटतं. म्हणून मी जुने खेळ शिकवायला घेतले. मी मध्ये उभी असते तोवर छान चालतं. पाणी प्यायला गेले की परत ये रे माझ्या मागल्या. एका मुलावर सारखं राज्य येतं, तो रडून भिंतीला टेकून बसतो. एका मुलीच्या पायाला कॅलिपर आहे, ती नुसती बघत असते. पालक म्हणतात, खो-खो सुरू करा. नेमके कोणते खेळ घेऊ आणि कसे?"

ताई, तुमच्या पत्रातली कळीची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात: तुम्ही पाणी प्यायला गेलात की खेळ मोडतो. ज्या खेळाला मधोमध बाई लागतात तो पीटीच्या तासाचा खेळ. मधल्या सुट्टीत मुलांनीच सुरू केलेला, मुलांनीच भांडून सोडवलेला आणि घंटा झाली की मुलांनीच मोडलेला खेळ हवा. तेव्हा खेळ निवडताना दोन गोष्टी बघा: तो किती वेळात सुरू होतो आणि एका वेळी किती मुलं नुसती उभी राहतात. खेळ जुना आहे की नवा, हे नंतरचं.

अर्ध्या तासातली पंधरा मिनिटं डबा खातो, दोन-तीन मिनिटं हात धुण्यात जातात. उरली बारा. त्यात राज्य कुणावर हे ठरवायलाच पाच मिनिटं लागली तर पोरं पकडापकडीकडे वळणारच. पकडापकडीला काहीच ठरवावं लागत नाही, तीच तिची ताकद. इथे चकण्याचा हिशेब करून बघा. तीन मुलं एकदम हात पुढे करतात, तळवा वर किंवा खाली. ज्याचा वेगळा तो सुटला, तिघांचे सारखे आले तर पुन्हा. सरासरी चारातल्या एका वेळी सारखेच येतात. शेवटी दोघं उरले की सुटलेल्यांपैकी एक जण तिसरा हात द्यायला येतो, आणि त्याचाच हात वेगळा आला तर तो डाव फुकट. दहा मुलांना हे सगळं बारा-तेरा वेळा करावं लागतं, म्हणजे दीड मिनिट. पंचवीस मुलांना तेहतीसेक वेळा, म्हणजे साडेतीन-चार मिनिटं, शिवाय मधली भांडणं वेगळी. म्हणून चकायला दहांच्या वर मुलं नकोत. मोठ्या गटाचे आधी तुकडे करा, प्रत्येक तुकड्यानं आपापलं चकावं. 'अडम तडम' करून मोजणं झटपट होतं खरं, पण त्यात मोजणी जिथून सुरू होते तिथूनच निकाल ठरतो, आणि दुसरीतल्या एखाद्या चलाख पोराला हे महिनाभरात कळतं. तुमच्या त्या मुलावर सारखं राज्य येतंय ते कदाचित यामुळेच. दोन दिवस नुसतं बघा, मोजतं कोण आणि सुरुवात कुठून करतं.

आता अंगण. १८ गुणिले १२ म्हणजे २१६ चौरस मीटर, मुलामागे चार. जागा तंग आहे, पण डोकी आपटतात ती केवळ तेवढ्यानं नाही. एकाच अंगणात आठ-दहा पकडापकड्या एकमेकींना छेदून चालू असतात. प्रत्येक मूल मागे वळून आपल्या पकडणाऱ्याकडे बघत पळतं, समोरून येणारा दुसऱ्या खेळातला असतो, त्याचंही लक्ष मागेच. उपाय असा की पळापळीचा खेळ एकच ठेवायचा आणि त्याला हद्द आखून द्यायची. लांबीच्या मध्यावर रेघ मारा. नळाकडचा अर्धा भाग पळापळीला देऊ नका, तिथे फरशी ओली असते. कोरडा ९ गुणिले १२ मीटरचा अर्धा भाग विषामृताला द्या, तिथे वीस मुलं मावतात. नळाकडच्या अर्ध्या भागाचे, नळापाशी ओलं असतं तेवढं सोडून, पुन्हा दोन पट्टे करा: एकात 'मामाचं पत्र', दुसऱ्यात ठिकरीचे तीन आराखडे. एकात तेरा, दुसऱ्यात बारा ते पंधरा. उरलेली सहा ते नऊ मुलं त्या वेळी अजून डबाच चिवडत असतात, त्यांची काळजी नको.

रेघा आधी खडूनं मारा. महिनाभरात कुठली रेघ चुकीच्या जागी आहे ते कळतं, मग रंगाचं बघा. पेव्हरवर नुसता तेलरंग पावसात घसरडा होतो, म्हणून तो ओला असतानाच वरून बारीक चाळलेली वाळू भुरभुरवा. मातीचं मैदान असतं तर फक्की चालली असती. कुठेही कळीचा चुना मात्र वापरू नका, डोळ्यात गेला तर इजा करतो.

विषामृत मुलांना येतंच. राज्य असलेल्यानं शिवलं की 'विष', मूल जागच्या जागी थिजतं. मोकळ्या भिडूनं येऊन शिवलं की 'अमृत', पुन्हा पळायला मोकळं. हा खेळ हमखास बिघडतो तो राज्य घेणाऱ्यांच्या संख्येमुळे. वीस मुलांत एकच पकडणारा असेल तर तो एकाला शिवेपर्यंत दुसरीकडे दोघं सुटलेले असतात. खेळ संपत नाही, राज्य उतरत नाही, आणि बिचारा रडतो. सहा-सात मुलांमागे एक पकडणारा ठेवा, म्हणजे विसांत तीन. तिघांच्या मनगटाला रंगीत नॅपकिन बांधा, नाहीतर कुणापासून पळायचं तेच कळत नाही. आणि सगळ्यांना विष होईपर्यंत थांबू नका, राज्य वेळेवर बदला. कठड्यावर बसलेल्या दोघांनी दोनचा, तीनचा आणि चारचा पाढा मोठ्यानं म्हणायचा, की पुढचे तिघे. साधारण दीड-दोन मिनिटं होतात. (पाढ्यांची उजळणी होते ते वरकड. मुलांना तसं सांगू नका.)

अजून दोन दुरुस्त्या. विष झालेल्यानं खाली बसायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. पेव्हरवर ती नको, पळणारी मुलं बसलेल्याला अडखळून तोंडावर पडतात. हात आडवे पसरून उभं राहू द्या, लांबून दिसतं आणि अमृत द्यायला हातच पुढे असतो. शिवायचं फक्त हाताला किंवा दंडाला. पाठीत शिवलं की सहा वर्षांच्या पोराचा तो धक्काच असतो. दुसरं म्हणजे पहारा. पकडणारा एका विषापाशी ठाण मांडून बसतो आणि सोडवायला येणाऱ्यांना टिपतो. चतुर चाल आहे, पण खेळ थांबतो. 'विषापासून तीन पावलं लांब' एवढा नियम पुरतो. मुलं पावलं मोजण्यावरूनही भांडतील, भांडू द्या.

टाइमप्लीजचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. नाडी सुटली, पडलो, डोळ्यात काही गेलं, या तीन कारणांना ती मिळते. पकडणारा हाताच्या अंतरावर आल्यावर म्हटलेली टाइमप्लीज बाद. हे पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या तोंडून वदवून घ्या.

'मामाचं पत्र' लहानांना फार आवडतं, आणि नेमकं तेच सगळ्यांत लवकर रटाळ होतं. बारा मुलं गोलात आत तोंड करून बसतात, एक रुमाल घेऊन बाहेरून फिरतो, 'मामाचं पत्र हरवलं', गोलातून 'ते मला सापडलं', आणि गुपचूप कुणाच्या तरी मागे रुमाल. ज्याच्या मागे पडला त्यानं तो उचलून टाकणाऱ्याला त्याची रिकामी जागा गाठायच्या आत पकडायचं. मुलांमध्ये ७० सेंटिमीटर अंतर धरलं तर गोलाचा परीघ साडेआठ मीटरच्या आसपास, व्यास पावणेतीन मीटर. बाहेरून पळायला चहूबाजूंनी दीड मीटर लागतं, म्हणजे सहा बाय सहाची जागा हवी. एक फेरी पंचवीस-तीस सेकंदांची, दहा मिनिटांत वीस-बावीस फेऱ्या. बारा मुलांत प्रत्येकाला एक पळणं नक्की, बऱ्याच जणांना दोन. तोच गोल पंचवीस मुलांचा केलात तर तीन-चार मुलं रोज न पळता वर्गात जातात. आणि ती बहुधा तीच असतात, कारण रुमाल मित्राच्याच मागे पडतो. त्यावर इलाज: ज्याची पाळी होऊन गेली त्यानं मांडी मोडून गुडघे उभे करून बसायचं. उभ्या गुडघ्यांच्या मुलामागे पत्र टाकायचं नाही. कुणी नोंद ठेवायला नको, बघितलं की कळतं. सगळ्यांचे गुडघे उभे झाले की पुन्हा मांड्या.

रुमाल सुती, जुना, मध्ये एक सैल गाठ मारलेला. गाठ नसली तर वाऱ्यानं उडतो किंवा पळणाऱ्याच्या हातालाच चिकटतो. पीळ दिलेल्या रुमालानं पाठीत रट्टा द्यायची जुनी पद्धत वगळा. न कळणाऱ्याला एक फेरी मधे बसायला लावा, तेवढं पुरे. पळायची दिशा एकच ठेवा, घड्याळाच्या काट्यांची. उलट वळून समोरून अडवायला परवानगी दिलीत की दात आणि डोकं पुन्हा एकत्र येतात. गोलाच्या मधून कुणी पळालं तर फेरी पुन्हा. मार्चपासून दुपारी पेव्हर तापतात, तेव्हा हा गोल सावलीत घ्या, सावली नसेल तर खेळ जूनपर्यंत बंद.

ठिकरीला जागा कमी लागते, आवाज होत नाही, दोघं असली तरी चालते, म्हणून मुख्याध्यापकांना ती आवडेल. पण आराखडा मापात हवा. घर ४० सेंटिमीटरचं. तीसचं केलं तर पहिलीतल्या मुलाचा पाय रेघेवर पडतोच, साठचं केलं तर लंगडीत उडी पोचत नाही. खालून वर: एक, दोन, मग तीन-चार शेजारी शेजारी, मग पाच, मग सहा-सात शेजारी, वर आठ. सहा ओळी, लांबी २ मीटर ४०. जोडघरात दोन्ही पाय टेकायचे, तो विसावा. हा विसावा महत्त्वाचा, कारण सलग आठ घरं लंगडी घालणं पहिलीतल्या सगळ्यांना जमत नाही. नुसती सरळ आठ घरं आखलीत तर निम्मी मुलं तिसऱ्या दिवशी सोडून जातील. पाय बदलायचा असेल तर तो जोडघरात. पेव्हरच्या सांध्यांच्या रेघा मुलांना गोंधळात टाकतात, त्यामुळे आपली रेघ दोन बोटं जाड आणि पिवळी.

पेव्हरवर कौलाचा तुकडा उडतो, सांध्यात आपटून भलत्याच घरात जातो. मग 'मी नीटच टाकली होती' यावर सुट्टी संपते. त्याऐवजी पाच सेंटिमीटरची कापडी पिशवी शिवा, आत सात-आठ चिंचोके. पडते तिथेच राहते. एका आराखड्यावर चार, फार तर पाच मुलं. एका पाळीला वीस-पंचवीस सेकंद लागतात, पाच मुलं असली तर पाळी दीड-दोन मिनिटांनी येते, त्याच्या पलीकडे या वयाचं मूल रांगेत टिकत नाही. आठवं घर पार केल्यावर आपलं 'घर' बांधायचा नियम पहिले दोन महिने नको. शेजारच्या दोन घरांवर मालक बसले की लहानांना ओलांडताच येत नाही आणि चांगलं खेळणारेच फक्त खेळत राहतात.

हाच दोष बाद होण्याच्या सगळ्या खेळांत आहे. तळ्यात-मळ्यात, शिवाजी म्हणतो, चिमणी उड: ज्याला सरावाची सगळ्यांत जास्त गरज तो पहिल्या मिनिटात बाहेर. बाद झालेल्याला दोन हुकूम मोजून परत आत येऊ द्या, किंवा त्यालाच हुकूम द्यायला लावा. हे खेळ पावसाळ्यासाठी राखून ठेवा, व्हरांड्यात एका रेघेवर वीस मुलं उभी राहतात. जून ते सप्टेंबर पेव्हरच्या सांध्यांत शेवाळ धरतं. तिथे लंगडी किंवा पळापळी नकोच, तारेच्या ब्रशनं घासून घेतल्याशिवाय तर नाहीच.

लंगडीचा सामना घ्यायचा तर चार बाय चारचा चौक, आत चार पळणारे, एक लंगडी घालणारा, वीस सेकंदांत भिडू बदल. बुटाचा तळवा गुळगुळीत असेल तर नको. मोज्यावर कधीच नको. रुमालपाण्यात दोन मुलं एकाच वेळी रुमालावर वाकतात आणि कपाळं भिडतात. रुमाल जमिनीवर न ठेवता पालथ्या बादलीवर ठेवा, वाकावं लागत नाही. लगोरी प्लॅस्टिकच्या हलक्या चेंडूनं, कमरेखाली, आणि तीही मैदान मोकळं असेल त्या दिवशी. विटी-दांडू नाही. आंधळी कोशिंबीर खांब आणि पायऱ्या असलेल्या अंगणात नाही.

रुमालपाण्याला संघ पाडावे लागतात. दोन कप्तानांनी एकेक जण निवडायचा हा प्रकार बंद करा, शेवटी उरलेल्या मुलाला रोज तेच सहन करावं लागतं. त्यापेक्षा जुनी भिडूंची रीत शिकवा. साधारण सारख्या ताकदीच्या दोघांनी जोडी करायची, बाजूला जाऊन गुपचूप नावं ठरवायची, आणि कप्तानापुढे येऊन विचारायचं, 'आंबा घेतोस का जांभूळ?' कप्तान नाव घेतो, मूल नाही. संघही आपोआप सारखे पडतात.

ज्या मुलावर राज्य येतं आणि तो रडतो, त्याच्यासाठी तीन तोडगे वर आलेच: लहान तुकड्यांत चकणं, पकडणारे जास्त, वेळेवर बदल. तेवढ्यानं भागलं नाही तर आठवडाभर त्याला लिंबूटिंबू करा. शिवला गेला तरी राज्य नाही. मात्र मुदत सांगून. कायमचा लिंबूटिंबू झालेलं मूल पळायचंच सोडतं, कारण पकडला गेला काय, न गेला काय, त्याला सारखंच.

कॅलिपर असलेल्या मुलीला गुण लिहायला बसवू नका, ते बघत बसणंच झालं. ठिकरीत तिला भिडू द्या: टाकायची तिनं, लंगडी घालायची भिडूनं, चुकले तर दोघींची पाळी गेली. नेम चांगला असेल तर तिला भिडू म्हणून मिळवायला मुली भांडतील. विषामृतात एक कोपरा तिचा करा: विष झालेल्यानं जागेवर न थांबता तिच्यापाशी चालत जायचं, ती टाळी देईल तेव्हाच अमृत. सगळा डाव तिच्या हातात येतो आणि पकडणारे तिच्या कोपऱ्याच्या तीन पावलं बाहेर. तिला पळायचंच असेल तर मात्र तिच्या आईला आणि डॉक्टरांना विचारून पळू द्या.

खो-खोबद्दल पालकांना काय सांगाल? खो-खो पुण्याच्या जिव्हाळ्याचा खेळ, त्याची पहिली नियमावली १९१४ मध्ये इथल्याच डेक्कन जिमखान्यानं बांधली. पण पूर्ण मैदान २७ गुणिले १६ मीटरचं, तुमचं अंगण त्याहून लहान. शिवाय पाठलाग करणाऱ्या नवांपैकी आठ बसलेले असतात. बारा मिनिटांत पहिलीतल्या मुलाच्या वाट्याला बसणंच येतं. खांबाला वळसा घालणं पेव्हरवर धोक्याचं. पालकांना सांगा, खो-खो तिसरीपासून मातीवर, पीटीच्या तासाला. पाठीला हात लावून 'खो' द्यायची सवय आधीच लावायची असेल तर मुलं गोलात बसवा, दोघं बाहेर पळतील, आणि खो कुणालाही.

शिकवण्याचा क्रम असा ठेवा. आठवड्याला एकच खेळ, तोही पीटीच्या तासाला, मधल्या सुट्टीत नाही. पहिला विषामृत, कारण त्यानं पळापळीची भूक भागते. ती भागल्याशिवाय बाकीच्या खेळांत कुणी बसणार नाही. मग ठिकरी, मग पत्र. पहिले तीन दिवस रेघेपाशी उभ्या राहा, चौथ्या दिवसापासून व्हरांड्यात. रक्त आलं, ढकलाढकली झाली किंवा एकावरच तिसऱ्यांदा राज्य आलं तर जा. 'बाई, तो रडीचा डाव खेळतो' म्हणून कुणी आलं तर एकच उत्तर: डाव पुन्हा खेळा. सुट्टी संपायच्या तीन मिनिटं आधी हातघंटी एकदा वाजवा, नाहीतर पाणी प्यायला आणि शूला सगळी घंटेनंतरच धावतात आणि तुमचा पुढचा तास जातो.

चौथीतल्या चार मुलं-मुलींना पहिल्या पंधरवड्यापुरतं मदतीला घ्या: दोन विषामृताला, एक पत्राला, एक ठिकरीला. पंधरवडा झाला की काढून घ्या, नाहीतर तेच खेळायला लागतात आणि लहानांना रेघेबाहेर बसवतात.